दर दीड तासाला थांबा

दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवली आणि रुचिरा दाराकडे धावली. सई आत्ता कुठे झोपली होती. पाच वर्षांची पोर दुपारी झोपली, की मुलुंडच्या त्या वन-बीएचकेत तासभर शांतता असायची. त्या तासात रुचिरा टूर कंपनीचं काम उरकायची… स्वतः कधीही न पाहिलेल्या अमेरिकेतले प्रवास लोकांना आखून द्यायचं.

दारात एक उंच तरुण, हातात नकाशाची गुंडाळी. "टूर कंपनीचं ऑफिस…?"

"हेच," ती कुजबुजली. "हळू बोला, बॉस झोपलीय."

त्याने आत डोकावून पाहिलं. मग चपलांचा आवाज होऊ नये म्हणून भिंतीला धरून, एका पायावर उभं राहून त्या काढल्या. रुचिराला उगाचच हसू आलं.

प्रबुद्ध घाटकोपरच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडीने ओलांडायची, एकट्याने, एवढं त्याचं ठरलं होतं. रस्ता तेवढा ठरत नव्हता. फरशीवर नकाशा पसरून त्याने कोपऱ्यांवर सईची खेळण्यातली भांडी ठेवली.

मग तो दर शनिवारी येत राहिला. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"आय-९० हायवे घे. सगळ्यात लांब. डोंगर, तळी…"

"थंडी वाजेल."

"मग खालचा आय-१०. वाळवंटातून."

"उकाडा इथे कमी आहे का?"

"आय-७०? पण यूटाहमध्ये एका पट्ट्यात पावणेदोनशे किलोमीटर ना पेट्रोल पंप, ना चहा."

"चहा नाही?" तो गंभीर झाला. "कॅन्सल."

"तुला जायचंय तरी का रे?"

तो कपातला चहा घोट घोट पुरवत राहिला.

चौथ्या शनिवारी तिने आय-४०चा पक्का आराखडाच त्याच्यापुढे ठेवला. संध्याकाळी तो विमानाची तिकिटं काढणार होता… म्हणजे आजची भेट शेवटची. सईच्या बाबापासून वेगळं होऊन चार वर्षं झाली होती. आता कुणाची वाट बघायची नाही, असं रुचिराने तेव्हाच ठरवलं होतं. आणि हल्ली बुधवारपासूनच ती शनिवारची वाट बघायला लागली होती.

पानं उलटता उलटता प्रबुद्ध थबकला.

"दर दीड तासाला थांबा?"

"मग? सू नको करायला?"

"दर दीड तासाला?"

तिने नकाशाच्या कोपऱ्यावरचं खेळण्यातलं भांडं उगाच सरकवलं.

"दुपारी एक ते तीन प्रवास बंद. मुक्कामाच्या हॉटेलजवळ बाग हवी. आणि हे… 'तिखट नसलेलं काय मिळेल, ते आधी विचारणे'." त्याने वर पाहिलं. "रुचिरा, मी एकटा चाललोय ना?"

तिचे कान तापले. रात्री सई झोपली, की नकाशावरून बोट फिरवत ती तासन्‌तास त्या रस्त्याने जायची. गाडीत मागे कोण बसलंय, शेजारी कोण… हे तिने स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"चुकलं," तिने कागद ओढला. "दहा मिनिटं दे, बदलते."

"नको ना." त्याने दुसरं टोक सोडलं नाही. "एकट्याचे बारा दिवस होतात, तुझ्या हिशेबाने एकवीस. मे महिन्यात मला सुट्टी असते. तोवर थांबतो मी. तिघांनी जाऊ."

"काय विचारतोयस, कळतंय तुला?"

"चार शनिवार एकेका रस्त्याला नावं ठेवतोय. तुला कळलं नव्हतं?"

कळलं होतं. म्हणून तर ती दर शनिवारी नवा रस्ता शोधून ठेवायची.

"मे यायला खूप वेळ आहे," ती हळूच म्हणाली. "तोवर… रविवारीही येत जा."

आतून पावलं वाजली. सई डोळे चोळत आली, अनवाणी पायांनी थेट अमेरिकेवर उभी राहिली. मग उकिडवी बसून बराच वेळ बोटाने काहीतरी शोधत राहिली.

"आई," तिने मान वर केली, "आपलं घर कुठंय यात?"