चौथी चूल

दारावर खडूने ‘बंद’ असं लिहून प्रीतम वळला आणि जागीच थांबला. मागे एक मुलगी उभी होती. खांद्यावर ओलं जाळं, ओढणी कमरेला खोचलेली, आणि डोळ्यांत... राग होता की हसू, ते त्याला पटकन कळेना.

"आमचं घर बंद कुणी केलं?"

"कुलूप आहे ना दाराला, म्हणून..."

"कुलूप पुढे आहे. माणसं मागे आहेत." तिने जाळं खाली ठेवलं. "भरतीच्या वेळेला होड्या मागे लागतात. तेव्हा कोलशेतच्या कोळीवाड्यात पुढच्या दारात कोण बसणार? सकाळपासून किती घरं बंद केलीत?"

प्रीतमने गल्लीकडे पाहिलं. त्याच्या यादीतल्या निम्म्या दारांवर त्याचाच खडू होता.

"बरीच," तो म्हणाला.

ती खळखळून हसली. ओल्या पंजाने तिने अक्षरं पुसली आणि पुसताना दोन थेंब त्याच्या शर्टावर उडाले. ‘सॉरी’ म्हणाली खरी, पण तिने नेम धरला होता असं त्याला वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

तिचं नाव दक्षता. घराला वळसा घालून तिने त्याला मागच्या पडवीत नेलं. समोर खाडी होती, पलीकडे खारफुटी, आणि पडवीत जाळं सांधत बसलेली तिची आजी, भागीरथी.

"कोन रं तू? टावरवाला का?"

"नाही आजी, मी माणसं मोजायला आलोय. पाण्याच्या योजनेसाठी."

"मोज. पन बसून मोज. उभ्यान पानी पीत नाय कोन आमचे घरान."

तो बसला, पाणी प्याला, टॅब उघडला. माणसं किती, लहान किती, शिकणारी किती. आजीने सगळं नातवंडांच्या नावांसकट सांगितलं. मग त्याने विचारलं, "घरात चुली किती, आजी?"

"एकच!" आजीची मान ताठ झाली. "तीन पोरं हायेत माझी, पन चूल एकच."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"ती शेजारची," आजी म्हणाली.

त्याच्याही वरच्या मजल्यावर दुसरी शिट्टी झाली.

"ती पन शेजारची."

तिसरी शिट्टी पाठीमागच्या खोलीत, अगदी आजीच्या कानाशी झाली. सुईत दोरा ओवून, गाठ मारून आजी म्हणाली, "ती आमची."

दक्षता तोंडाला ओढणी लावून आत पळाली. प्रीतमने मान खाली घालून ‘एक’ असं भरलं. घरचे सांगतील तेच भरायचं, असा नियम होता.

त्याला रस्त्यापर्यंत सोडायला दक्षता आली.

"आजोबा जाताना आजीला म्हणाले होते, भागू, चूल मोडू नको. मग काकूंची स्वयंपाकघरं वेगळी झाली, पण ते तिने गावाला कधी सांगितलं नाही. सणाला अजून सगळे एकाच टोपातलं जेवतो. आणि आमच्याकडेच नाही हं, गल्लीत कुठेही विचारा, चूल एकच सांगतील."

"सांगितलीच आहे," तो म्हणाला.

"पण चुली मोजून काय करता तुम्ही?"

"एक चूल म्हणजे एक कुटुंब. आज किती माणसं आहेत, वर्षाला किती जन्मतात, किती वारतात, किती बाहेर जातात, किती नवीन येतात... यावरून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज काढतात. मग त्या मापाचा पाईप, तेवढ्या जोडण्या, तेवढी टाकी. शेवटची जनगणना झाली तेव्हा गावाभोवतीचे हे टॉवर कुठे होते? म्हणून मधे अशी नमुन्याची पाहणी. दहातलं एक घर निवडतात. तुमचं घर दहा घरांच्या वतीने बोलतं."

"म्हणजे आज जो पाईप जमिनीत जाणार, तो अजून न जन्मलेल्या पोरांसाठी?"

"हो."

ती पायाखालच्या जमिनीकडे बघू लागली. "छान काम आहे रे तुझं," म्हणाली. ‘तुमचं’चं ‘तुझं’ कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल...

मग प्रीतम पुन्हा आला. खडू पुसून त्या ‘बंद’ दारांमागची घरं भरायला. त्यानंतर तपासणीला आला. त्यानंतर आला तेव्हा त्याच्याकडे टॅबही नव्हता.

"आज काय मोजायचं राहिलं?" दक्षता सुकत घातलेले बोंबील उलटत म्हणाली.

"इथूनच चाललेलो..."

"डोंबिवलीला राहतोस ना तू? बाईकवरून शीळफाट्याला तासभर अडकून इथूनच चाललेलास?"

"शीळफाट्याला अडकलं की विचार करायला वेळ मिळतो."

"कसला विचार?"

तो बोंबलांकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. तिने ते पाहिले आणि त्याच्या हातात एक टोपली दिली. "उभा राहू नको. उलट ही."

नवरात्रात तो तिला टेंभी नाक्याच्या देवीला घेऊन गेला. गर्दीत तिने त्याच्या शर्टाची बाही धरली, आणि गर्दी संपली तरी सोडली नाही. परत येताना चहाच्या टपरीपाशी ती एकदम म्हणाली, "ए, तुझ्या त्या अंदाजात मला कुठे धरलंस? राहणाऱ्यांत की जाणाऱ्यांत?"

प्रीतमला खोटं बोलता येत नसे. "जाणाऱ्यांत," तो म्हणाला. "गावातल्या तुझ्या वयाच्या बऱ्याच मुली लग्न करून बाहेर जातात. त्यामुळे तसं धरतात... सरासरी असते ती."

"मी सरासरी दिसते तुला?"

"नाही, तसं नाही—"

"मला न विचारता पाठवून दिलंस! चार पिढ्या खाडीवर काढल्या आम्ही. बाबांनंतर होडी मी चालवणार आहे. कुठे जाणार मी?" तिने ग्लास ठेवला. "आणि तू? तू कशात?"

त्याचा चेहरा उतरला. "पाहणी या आठवड्यात संपते. कंपनीने पुढचं काम चंद्रपूरला दिलंय."

"म्हणजे जाणारा तू आहेस," ती हळू म्हणाली, "आणि नाव माझं घातलंस."

घरापर्यंत ती बाईकवर मागे सरकून बसली. बाहीही धरली नाही.

आठवडा असाच गेला. प्रीतमने फोन केला, तिने उचलला नाही. आकडे कायम करायच्या आदल्या दिवशी त्याने कोळीवाड्याचा अंदाज पुन्हा उघडून पाहिला. माणसं भरपूर, कुटुंबं मोजकी. त्या हिशोबाने गावाला जोडण्या फारच थोड्या येणार होत्या. दहा घरांच्या वतीने बोलणारं एक घर चूल एकच म्हणालं, तसंच दुसरं, तसंच तिसरं. स्वतःहून आकडा बदलणं त्याच्या हातात नव्हतं. आणि आजीला खोटं पाडणं त्याला जमणार नव्हतं.

तरी तो गेला. या वेळी पुढच्या दाराशी थांबला नाही, सरळ मागे गेला.

पडवीत आजी होती. दक्षता होडीतलं पाणी उपसत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. पण उपसायची थांबली.

"आजी," प्रीतम म्हणाला, "उद्या आकडे जातील. मी तुम्हाला काही बदला म्हणत नाही. फक्त काय होईल ते सांगायला आलोय. चूल एक लिहिली, की पुढच्या योजनेत या घराला नळ एकच धरला जाईल. वीस वर्षांसाठी."

आजीने जाळं बाजूला सारलं. "एक नल? आनि माझ्या तीन सुना?"

"तिघी एकाच नळावर," होडीतून दक्षता म्हणाली. "सकाळी सहाला. रोज."

आजी डोळे मिटून बसली. तो देखावा तिला दिसत असावा, आणि ऐकूही येत असावा.

"नको गं बाय," ती म्हणाली. मग खाडीकडे बघत हळूच पुटपुटली, "तुज्या आज्याला मी सांगन. टोप एकच हाय, तो नाय मोडला." तिने प्रीतमकडे बोट केलं. "लिव. तीन. आनि गल्लीन माझं नाव सांग. भागीरथीन तीन सांगल्या म्हनावं, मंग बघ कशा सगल्या खरं बोलतान."

प्रीतमने टॅब काढला. ‘एक’ खोडून ‘तीन’ केलं.

"आथा उठू नको," आजी म्हणाली. "आमची पोर आठ दिस जेवली नाय नीट. तू चाललास कंचे गावाला?"

"चंद्रपूरला... जाणार होतो." तो होडीकडे वळला. "काल नाही म्हणून कळवलं. कल्याणच्या ऑफिसात टेबलावरचं काम मिळतंय. पगार कमी आहे, पण... दक्षता, गावातली कुणी जाणार नसेल, तर बाहेरचा कुणी येऊ शकतो. तोही आकडा आम्ही धरतो."

दक्षता होडीतून उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात उपसायचा डबा.

"तुला पोहता येतं?"

"नाही."

"मासा साफ करता येतो?"

"नाही."

"मग काय येतं तुला?"

"उलटता येतात. बोंबील."

ती हसू दाबायला गेली आणि जमलं नाही. डबा त्याच्या हातात देऊन ती एवढ्या जवळ उभी राहिली, की तिच्या केसांतला खारा वास त्याला आला.

"घरजावई म्हणतील तुला सगळे."

"म्हणू देत. डोंबिवलीला दादा-वहिनीच्या घरात मी पॅसेजमध्ये झोपतो. मी निघालो की आईला तेवढीच जागा होईल. तिला भेटून आलोय... ती म्हणाली, मुलगी बघायला मासे खायला लागतील का?"

"कोन नाय बोलत घरजावय!" पडवीतून आजीचा आवाज आला. तिचे कान अजून तीक्ष्ण होते. "भाडं घेन मी त्याच्याकडना. गच्चीवरची जाल्यांची खोली रिकामी करा. आनि ए पोऱ्या, लगीन झाल्याबिगर वर चढायचं नाय!"

दक्षताने ओढणीने तोंड झाकलं. पहिल्या दिवशी झाकलं होतं तसंच. पण या वेळी ती पळाली नाही.

"आता मला कुठे धरलंस?" तिने विचारलं.

"राहणाऱ्यांत."

"आणि तुला?"

"येणाऱ्यांत."

खाडीला भरती लागली होती. होडी आपोआप उचलली जाऊन धक्क्याला हळूच टेकली. वर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी. या वेळी आजीने शेजाऱ्यांचं नाव घेतलं नाही. ती मान वर करून गच्चीकडे बघत होती... चौथीची वाट बघितल्यासारखी.