शेजारणीचा वाटा

"लछमचं काम ते केवढंसं! भिटौली पोचवायची, बहिणीच्या हातचं जेवायचं आणि सकाळी परत यायचं," असं म्हणून खिमकांनी शेगडीतला निखारा चिमट्याने उलटवला.

वीज जेवणाआधीच गेली होती. खिमका म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ. भवालीहून नैनीतालला जीप चालवतात, आणि आमच्याकडे मुक्कामाला आले की भुताखेताचं काहीतरी सांगितल्याशिवाय कुणाला झोपू देत नाहीत. मी उठून जायला हवं होतं. पण आतल्या खोलीत अंधार होता आणि इथे निदान निखारे तरी होते. मी चंपादीदीला खेटून बसले. ती माझी थोरली बहीण. नर्सिंगला आहे, कशालाच घाबरत नाही.

"ऐकीव गोष्ट नाही हं ही," खिमका म्हणाले. "लछम माझ्या जीपमधून तल्लीतालला, तळ्याच्या खालच्या टोकाला उतरला, तो या डोळ्यांनी पाहिलाय मी."

"आणि पुढचं?" चंपादीदीने विचारलं.

"पुढचं त्याने सांगितलं."

"म्हणजे ऐकीवच की!"

"मोठी वकीलच लागून गेलीस! ऐकायचं असेल तर ऐक, नाहीतर जा आत एकटी."

दीदी हलली नाही. खिमका सांगू लागले.

गेल्या चैतातली अमावस्या. मंगळवार. चैत लागला की आमच्या डोंगरातल्या सासुरवाशिणी वाटेकडे डोळे लावून बसतात, भाऊ कधी भिटौलीची, म्हणजे माहेरच्या भेटीची, टोपली घेऊन येतो म्हणून. लछमच्या बहिणीचं, देबुलीचं, सासर नैनीतालला, तळ्याच्या वर आयारपाट्याच्या उतारावर. आईबाप गेलेले. माहेर म्हणून तिला उरला होता तो हा एकटा भाऊ. त्याला काही झालं की तिच्या माहेराचं दार कायमचं लागलं. लछमला ते ठाऊक होतं, म्हणून एकही चैत तो चुकवत नसे. त्या दिवशीही टोपलीत पुऱ्या होत्या, तांदळाच्या पिठाची गोड शै होती, बालमिठाई होती, वर नवी साडी आणि त्यावर घट्ट बांधलेलं फडकं.

पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. तल्लीतालला उतरेपर्यंत काळोख पडला. मॉल रोडवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. लछम पलीकडच्या काठाने, थंडी सडकेने निघाला. देबुलीच्या घराची पायवाट तिथूनच वर चढते. डाव्या हाताला बांजाच्या झाडांचं रान, उजव्या हाताला पाणी. समोरच्या काठावरच्या हॉटेलांचे दिवे पाण्यात लांबच लांब ताणले गेले होते. या काठाला दिवा नाही.

"बिबट्या फिरतो तिथे," दीदी म्हणाली.

"बिबट्या भेटला असता तर बरं झालं असतं," खिमका म्हणाले.

पाषाणदेवीचं देऊळ आलं. लछमने हात जोडले आणि पुढे निघाला. देऊळ मागे पडलं, घंटेचा आवाजही मागे पडला. थोडं पुढे जाऊन त्याने टोपली कठड्यावर टेकवली आणि बिडी पेटवली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं,

"दाज्यू, भिटौली का?"

कठड्याच्या टोकाला एक बाई बसली होती. पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. लछमला वाटलं, गवत कापून परतणारी कुणीतरी दमून टेकली असेल. चैतात टोपलीवाला पुरुष दिसला की बायका हेच विचारतात. आणि आमच्याकडे अनोळखी बाईही पुरुषाला दाज्यू म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. पुरुष तिला बैणी म्हणतो.

"हो बैणी. भिटौलीच."

"कुणाची?"

लछमच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. जीपमध्ये बसला की अख्खी जीप हसवत नेणारा माणूस. धूर सोडत म्हणाला, "तुझीच समज की!"

खिमका इथे थांबले. "एवढंच बोलला तो. थट्टा केली. मी तर अशी रोज दहादा करतो."

बाईने पदर आणखी खाली ओढला. मग म्हणाली, "माझ्याकडे कुणी कधी आलंच नाही, दाज्यू. किती चैत गेले. आज आलास."

आवाज रडवेला नव्हता. हसराही नव्हता.

ती उठली. जवळ आली. भाऊ आला की बहीण आधी त्याच्या कपाळाला ओला टिळा लावते, टिळ्यावर तांदूळ लावते. तिने तसाच अंगठा टेकवला. बर्फ टेकवावा तसा. लछमला नको म्हणायचं होतं. तोंड उघडेना.

"घरी चल," ती म्हणाली. "जेवल्याशिवाय भाऊ जातो का कुठे? हे काय, इथे खालीच आहे."

खालीच.

लछम टोपली उचलून तिच्यामागे निघाला. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं म्हणे. दगडी पायऱ्या. सारवलेलं अंगण. उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाची रांगोळी. आत चुलीचा पिवळा उजेड. पायांना गार लागत होतं. पण अंगण आत्ताच सारवलं असेल, असं त्याला वाटलं. ओलं असणारच...

खिशात मोबाइल वाजला. देबुलीचा फोन.

"दाज्यू, कुठे तडमडलास? भाजी तिसऱ्यांदा गरम केली मी! आता कोळसाच वाढते तुला."

"अगं, आलो की. तुझ्या अंगणातच उभा आहे."

पलीकडे एकदम सामसूम.

"देबुली?"

"दाज्यू... अंगणात तर मी उभी आहे."

त्याने खाली पाहिलं.

पाणी.

मांड्यांपर्यंत. काळं. पुढचं पाऊल उचललेलं, आणि त्या पावलाखाली काहीच नव्हतं. चुलीचा उजेड म्हणजे समोरच्या हॉटेलाचा दिवा होता.

तो कसा वळला, त्यालाही माहीत नाही. काठावर आला. पळत सुटला. टोपली मात्र सोडली नाही. बहिणीची ना ती. चढावर छाती फुटायची वेळ आली. मागे पावलं वाजत नव्हती. फक्त ठिबकत होतं. टप्... टप्... तो थांबला की तेही थांबायचं.

मी दीदीचा हात धरला. तिचाही गार पडला होता.

देबुलीचा नवरा हॉटेलात रात्रपाळीला गेलेला. घरात ती एकटी. तिने भावाला आत ओढलं, कडी घातली.

"कुठे पडलास? हे सगळं भिजलं कशाने? आणि..." ती बोलता बोलता थांबली. त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. "टिळा कुणी लावला तुला?"

लछमने कपाळाला हात लावला. तांदूळ होते. फुगलेले. लिबलिबीत. फार दिवस पाण्यात राहिल्यासारखे.

दात वाजत असतानाच त्याने सगळं सांगितलं.

"तुझीच समज म्हणालास? भिटौलीला?" देबुलीने कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, जीभ आहे की..."

टप्.



दाराबाहेर. अगदी दाराला लागून.

"दाज्यू..."

...

"जेवल्याशिवाय निघालास, दाज्यू?"

लछम उठला. त्याला उठायचं नव्हतं. पाय उठले. देबुलीने त्याचा दंड धरला. भिजलेल्या ओंडक्यासारखा जड. तिला तो आवरेना. तो दाराकडे सरकत होता, आणि तीही त्याच्याबरोबर ओढली जात होती. त्याचा हात कडीवर गेला.

"नको ना, दाज्यू," ती म्हणाली. "मला कोण आहे रे तुझ्याशिवाय?"

त्याला ऐकूच येत नव्हतं.

मग देबुली त्याचा दंड सोडून त्याच्या आणि दाराच्या मधे घुसली. फळीला तोंड लावलं. आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"कोण गं तू? या दारात बहीण एकच आहे. ती मी! भिटौली माझी. भाऊ माझा. तुझा इथे कुणी नाही!"



देबुलीचा आवाज फाटला. तरी ती बोलत राहिली. "भिटौली आली की मी आळीत घरोघर वाटते. शेजारीण असशील तर वाटा देते तुझा. बहीण म्हणून नाही. शेजारीण म्हणून. आहेस का शेजारीण?"

बराच वेळ काहीच नाही. ठिबकणंही नाही.

मग...

"हो."

देबुलीने टोपलीचं फडकं सोडलं. ताटात पुऱ्या ठेवल्या. शै ठेवली. भावाचा हात कडीवरून उचकटून काढला, दार वीतभर उघडलं, डोळे गच्च मिटले आणि ताट बाहेर सरकवलं.

दार लावलं.

लछम मटकन खाली बसला. कपाळावरचे तांदूळ आपोआप गळून जमिनीवर पडले. मग तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"सुटला," दीदी पुटपुटली.

"तो सुटला," खिमका म्हणाले. पण मान वर केली नाही.

उजाडेपर्यंत दोघांनी दार उघडलं नाही. शाळेची पोरं बडबडत रस्त्याने जायला लागली, तेव्हा देबुलीने कडी काढली.

उंबऱ्यापाशी ताट होतं. घासून लख्ख केलेलं. आणि आमच्याकडे शेजारणीचं ताट कुणी रिकामं परत करत नाही. ताटात दोन धागुल्या होत्या. तान्ह्या बाळाच्या मनगटात घालतात ना, चांदीच्या, त्या. काळ्या पडलेल्या. अजून ओल्या.

"फेकून दे," लछम म्हणाला. "आत्ताच्या आत्ता तळ्यात फेक. तुला त्यांचं काय करायचंय? तुला कुठे मूलबाळ आहे?"

देबुली ताटाकडे बघत होती. चेहरा पांढराफटक. एक हात हळूच पोटावर गेला.

"दाज्यू," ती म्हणाली, "मी अजून ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही."