निंबातला पाहुणा

तुम्हा दोघांची जेवणं झाली आहेत ना? मग सांगतो. उपाशीपोटी ऐकण्यातली ही हकीकत नाही, आणि ऐकून झाल्यावर जेवण्यातली तर नाहीच.

शनिवार, २४ ऑक्टोबर १९९८. दुपारी तीन वाजता मी सायकल काढली आणि आंजीहून खरांगण्याला निघालो, तानबाला आणायला. तानबा झाडं पाडायचा. काम आमचे शेजारी मधुकरराव, त्यांच्याकडचं होतं. त्यांचं कापडाचं दुकान, घरात बायको अन्नपूर्णा आणि चार वर्षांची मुलगी मयुरी.

त्यांच्या सैपाकखोलीच्या मागे, भिंतीपासून चार हातांवर, जुना निंब होता. नऊ तारखेला संध्याकाळी त्याच्यावर वीज पडली. शेंड्यापासून बुडापर्यंत वीतभर रुंद साल सोलून निघाली आणि अर्धं झाड छपराच्या कवेलूंवर कललं. घरात कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण पाच-सहा दिवसांनी त्या चिरेतून पांढरा फेस गळायला लागला. आधी त्याचा वास गोडसर होता. मग आंबट झाला. मग मेलेल्या घुशीसारखा. फेसात अळ्या वळवळायच्या आणि त्यावर बसलेल्या माशा तशाच उडून सैपाकखोलीत यायच्या. झाड पाडणं भागच होतं.

"आतून सडलं असन ना, मोठेबाबा," माझा पुतण्या अंकित म्हणाला. "त्यात भूत कुठून आलं?"

"तू चूप बैस ना बे," त्याची बहीण दिपाली म्हणाली. "दहावीत सायन्समध्ये किती पडले होते, सांगू का?"

सडलंच होतं, बाळा. मी अजून भूत म्हटलेलं नाही.

मधुकररावांचा स्वभाव मात्र सांगायला हवा. दारात आलेला माणूस न जेवता गेला तर त्यांना झोप लागत नसे. मीटर वाचायला आलेल्यालाही ते पाटावर बसवायचे. अन्नपूर्णावहिनी म्हणायच्या, "यायले कोणी खानावळ काढून द्या, बापा. माही तरी सुटका होईन."

तर तानबा आला, दिवेलागणीला. झाडाभोवती फिरला, नाकाला शेला लावला आणि कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

"आज नाई तोडत, शेठ. आज फक्त सांगाचं."

"कोणाले?"

"झाडाले. आत कोणी राहत असन, पाखरू असो, साप असो, नाई तं दुसरं काही असो, त्याले एक रात्र द्याची. घरच्या मालकानं म्हणाचं, उद्या तोडतो, आज निघून जा. बस, इतकंच."

मधुकररावांनी बुंध्याला हळदकुंकू लावलं, मूठभर तांदूळ ठेवले, हात जोडले. "उद्या झाड पाडून राह्यलो जी," ते म्हणाले. "आज..."

आणि अडले. दिवे लागलेले, दारात कोणीतरी, आणि त्याला जा म्हणायचं. आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द तो. तोंडातून निघेना. मग जे सवयीचं होतं ते निघालं.

"इतक्या रात्री कुठं जासान? दुसरी सोय होईपर्यंत आमच्या घरी या. दोन घास खा."

तानबानं नाकावरचा शेला खाली ओढला. "शेठ, हे काय बोलून बसले तुम्ही?"

"अरे, रिकामं बोललो."

"बोलले तं बोलले. आता ज्यानं बोलावलं त्यालेच घालवा लागते. दुसऱ्याचं काम नाई ते. ध्यानात ठेवजा."

रविवारी झाड पडलं. बुंधा आतून पोकळ होता, काळा, लिबलिबीत. मी वाकून पाहिलं. त्या पोकळीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक खोलगट जागा होती. कापसाच्या गादीवर एकाच जागी वर्षानुवर्षं बसल्यावर पडतो ना, तसा खळगा. गुळगुळीत आणि तेलकट. तानबाचा हात त्याला लागला, तर तो मातीत हात घासत बसला. मातीनं होईना तेव्हा राखेनं घासला. जाताना त्यानं पाणीही घेतलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला शिजवलेल्या भाताला अकरा वाजता तार सुटली. मंगळवारी वरणाला. पितळी गुंडातल्या पिण्याच्या पाण्यावर साय धरायची, बोटानं उचलली तर लोंबायची. वहिनी बाईमाणूस मोठी स्वच्छ. त्यांनी राखेनं भांडी घासली, सैपाकखोली सारवली, फिनेल ओतलं. वास हलेना. चुलीसमोरच्या भिंतीवर एक ओला डाग आला होता, बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा. पुसला की बोटांना बुळबुळ लागायची, आणि तासाभरात डाग पुन्हा तिथेच. मी त्या घरी चहा घेतला. नाही म्हणता आलं नाही. कप ओठांपासून दूर केला तेव्हा ओठ आणि कप यांच्यामध्ये तार होती.

"छी! बस करा ना, मोठेबाबा," दिपाली म्हणाली.

तूच आग्रह केला होतास ना? ऐक.

मंगळवारपासून मयुरी जेवेना. आईनं घास पुढे केला की मान फिरवायची. "पोट भरलं." दोन दिवसांत पोरीचे गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले. पोट मात्र टम्म. आणि तोंडाला वास. तोच.

वहिनींनी तिला मांडीवर घेतलं, माझ्यासमोर. "माय, खरं सांग. तुले कोण जेवाले देते?"

"पाव्हणा देते."

"कोणता पाव्हणा?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथं बसते ना तो. रात्री देते." मग म्हणाली, "त्याचा हात ओला आहे. आधी तोच चावते. मऊ करते. मग माह्या तोंडात देते."

वहिनी उठल्या आणि न्हाणीत जाऊन ओकल्या.

बुधवारी रात्री पोरीला आमच्या घरी झोपवलं. दार आतून लावलं. सकाळी पाहतो तर तिच्या गादीजवळची भिंत ओली. बसलेल्या माणसाच्या पाठीएवढी. पोरगी हातात उचलली तर मांजराच्या पिल्लाएवढी हलकी लागली.

डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मी मधुकररावांना म्हटलं, "तानबा काय म्हणाला होता, आठवते ना? तुमच्याशिवाय कोणाच्या हातचं नाई हे." ते खाली मान घालून बसले होते. "जमन ना मले?" त्यांनी मलाच विचारलं.

गुरुवार, २९ ऑक्टोबर. रात्री अकराला आम्ही सैपाकखोलीत बसलो. मधुकरराव, वहिनी आणि मी. मयुरी मध्ये, चटईवर झोपलेली. मागचं दार उघडं ठेवलं होतं. माझ्या हातात टॉर्च. एकच्या सुमाराला चंद्र मावळला. दिवा मालवलेला होता; मग चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात दिसेल तेवढंच दिसायचं.

एक चाळीसला मयुरी उठून बसली.

झोपेतच. डोळे मिटलेले. तोंड भिंतीकडे.

आणि आवाज आला... चावण्याचा. दात नसलेल्या तोंडाचा. मऊ. ओला. कोणाला घाई नव्हती.

मी टॉर्च लावली.

भिंत. ओली भिंत. दुसरं काही नाही.

पण पोरीच्या गालावर खळगा पडला. बोटानं दाबल्यासारखा. तोंड उघडलं. आत काहीतरी गेलं. ओठांवरून तार लोंबली... हनुवटीवर आली.

तिनं गिळलं.

"बोला," वहिनी म्हणाल्या. "बोला ना हो!"

मधुकररावांचे हात जोडलेले होते. "जेवण... झालं असन तं..."

चावणं सुरूच.

"आता... उशीर झाला जी... तुम्ही..."

पोरीचं तोंड पुन्हा उघडलं.

वहिनींनी नवऱ्याचं मनगट धरलं. "लेकरू मरून राह्यलं माहं. मान कोणाचा ठेवता?"

मग मधुकरराव ओरडले. त्यांचा तसा आवाज मी ना आधी ऐकला, ना नंतर.

"नीघ! माह्या घरातून नीघ! तुले इथं अन्न नाई!"

चावणं थांबलं.

...

किती वेळ, सांगता येत नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, मी पाहिलं नाही.

मग भिंतीपासून काहीतरी सुटलं. ओलं फडकं सोलून काढावं, तसा आवाज. वास उठला. आमच्या मधून गेला. माझ्या गालाला काहीतरी घासलं... थंड. बुळबुळीत. मी श्वास घेतला नाही. मधुकररावांसमोर तो वास थांबला. थोडा वेळ. हात पुन्हा जोडले नाहीत त्यांनी.

मग दाराबाहेर गेला.

मयुरी भडाभडा ओकली. बादलीभर. त्यात काय होतं ते मी माझ्या रोजच्या नोंदींच्या वहीतही लिहिलेलं नाही. मग ती आईच्या मांडीवर झोपली. आम्ही तिघे उजाडेपर्यंत तिच्याभोवती बसून होतो. तिघांपैकी एकानंही डोळा मिटला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

सकाळी सहाला ती उठली. "माय, भूक लागली." वहिनींनी रडत रडत भात टाकला. भात मोकळा झाला. शिताला शीत चिकटलं नाही. भिंत कोरडी. पोरगी आईच्या हातून दोन वाट्या भात जेवली.

मधुकरराव मात्र त्या दिवसापासून दारातल्या माणसाला नुसतं "बसा" म्हणायचे. पुढे काही नाही. लोक म्हणायचे, शेठ बदलले. म्हणोत.

"संपली?" अंकितनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

नाही. जेवताना वहिनींच्या ध्यानात आलं की पोरीची डावी मूठ मिटलेली आहे. "काय आहे त्यात?" तर म्हणाली, "पाव्हण्यानं जाताना देल्लं. खाऊ." रात्रभर आम्ही तिच्याजवळ होतो. तिच्या हातात कोणी काही ठेवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

एकेक बोट सोडवून मूठ उघडली. आत घास होता. चावलेला. सुपारीएवढा.

टाकायची कोणाची हिंमत होईना. शेवटी मी तो नारळाच्या करवंटीत घेतला आणि लांब, नाल्याच्या काठी, सावलीत एका दगडाआड ठेवून आलो. दुपारी जाऊन पाहिलं, कावळ्यांनी चोच लावली नव्हती. मुंग्याही लागल्या नव्हत्या. रात्री नऊला राहवलं नाही म्हणून टॉर्च घेऊन पुन्हा गेलो. थंडी पडली होती, दगडावर दव होतं. करवंटी गार लागली.

आतल्या घासाला बोट लावलं.

गरम होता. आत्ताच तोंडातून काढल्यासारखा.