अक्षरावरचा आकडा

राजगोपालरावांनी आयुष्यात पावणेपाचशे माणसं मारली होती आणि त्यातल्या एकाचंही त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. महिन्याला एक कादंबरी आणि कादंबरीत किमान एक मुडदा, असा त्यांचा अडतीस वर्षांचा रतीब होता. तमिळमधल्या त्या खिशात मावणाऱ्या रहस्यकथा बसस्टँडवर मिळत, रेल्वेच्या फलाटावर मिळत, आणि तंजावूरला गाडीत बसलेला माणूस चेन्नई यायच्या आत खुनी ओळखून पुस्तक सीटवरच टाकून जाई. राजगोपालरावांना याचा राग येत नसे. राग यायला लागला तो पुढं, लोक गाडीत नुसते मोबाइलकडे बघत बसू लागले तेव्हा.

तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. सकाळी सहाला फिल्टर कॉफी घ्यायची, पुढच्या खोलीचं दार आतून लावायचं, आणि दहा वाजेपर्यंत देव आला तरी उघडायचं नाही. आत ते येरझाऱ्या घालत तोंडानं कथा सांगत आणि त्यांची बायको गंगाबाई चटईवर बसून, उतरत्या डेस्कवर वही ठेवून ती उतरून घेई. सांगणं घरच्या मराठीत, कारण खून त्यांना मराठीतच सुचत. तमिळ दुपारी व्हायचं.

आता गंमत अशी, की देवनागरी दोघांनाही येत नव्हती. त्या गल्लीत मराठी बोलणारी वीस घरं असतील, पण मराठी वाचणारा शोधायचा तर दिवा घेऊन निघावं लागलं असतं. म्हणून गंगाबाई मराठी लिही ती तमिळ अक्षरांत. आणि तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. प, फ, ब, भ यांचंही तेच. दुपारी दोनला राजगोपालराव वही उघडून तमिळ करायला बसले की अडायचे आणि आतूनच ओरडायचे, "कडी का घडी?" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "घडी." मग ती हात पुसत यायची आणि तमिळ लिपीतल्या संस्कृत पोथ्यांत घालतात तसा अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक आकडा घालून जायची. कला एक, खला दोन, गला तीन, घला चार.

गंगाबाई गेल्या वर्षी त्याच डेस्कवर गेली.

डॉक्टरांना, शेजाऱ्यांना आणि मुलीला राजगोपालरावांनी एकच सांगितलं. "बोट दुखतं म्हणाली. एवढंच. जन्मभर लिहिलेलं बोट, दुखणारच. मला काय ठाऊक?" सगळ्यांनी माना हलवल्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला एवढं कळतंच, की खोटं रचायचं तर खऱ्याला खेटून रचावं. शंभर खुनी त्यांनी असेच वाचवले होते, निदान शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत.

कारण गंगाबाई बोट म्हणाली नव्हती. ती पोट म्हणाली होती. छातीच्या खाली हात दाबून म्हणाली होती, आणि कपाळाला घाम होता. राजगोपालराव रंगात होते. खुनी नुकताच विहिरीच्या कडेला येऊन उभा होता. ते म्हणाले, "तीन पानं राहिलीत. मग जाऊन पड." ती लिहीत राहिली. दहाला वीस मिनिटं असताना तिचा हात थांबला.

मुलीनं, हरितानं, ते बोट खरं धरलं. ओरत्तनाडुच्या तालुका कचेरीत नोकरी करणारी, घरात नवऱ्याशी आणि मुलांशी तमिळ बोलणारी हरिता. तिच्या स्वतःच्या तोंडी प आणि ब कधी वेगळे पडत नसत. वर्षभरात तिनं चारदा तरी विचारलं असेल, "अप्पा, नक्की बोटच म्हणाली अम्मा?" आणि राजगोपालरावांनी चारही वेळा, तिच्या डोळ्यांत बघून, "बोटच" म्हटलं. त्यांना लाज वाटायची. त्याहून जास्त राग यायचा, आणि तो गंगाबाईचाच. एवढं दुखत होतं तर वही फेकायची होती. ओरडायचं होतं. एवढ्या वर्षांत एकदा तरी ओरडायला काय झालं होतं?

फाल्गुनात चेन्नईहून प्रकाशकाचा फोन आला. शेवटची म्हणून एक कादंबरी हवी होती. राजगोपालरावांनी ती अर्धी राहिलेली वही काढली. त्याच सुमारास हरितानं कळवलं, की वर्षश्राद्धाला येईन तेव्हा अम्माची शेवटची वही मला द्या, तिचं अक्षर घरात असावं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. पावणेपाचशे खुनांची कारणं सुचलेल्या माणसाला एका वहीचं कारण सुचू नये. पण घाबरण्यासारखंही काही नव्हतं. वहीत होती ती त्यांनी सांगितलेली कथा. तिरुवैयारुचा एक संगीतशिक्षक, त्याची शिष्या, विहिरीवरचा खून.

सोमवारी दुपारी दोनला त्यांनी एकसष्टावं पान उघडलं. वाक्य होतं, 'त्यानं घडी घातली.' शिक्षक उपरण्याची घडी घालतो आणि त्या घडीत चिठ्ठी असते, असा तो दुवा होता. पण त्या अक्षरावर आकडा होता. चार नव्हे, एक.

घडी नाही. कडी. त्यानं कडी घातली.

राजगोपालरावांनी चष्मा पुसला. त्या पानावर आकडा असायचं कारण नव्हतं, कारण ते शेवटच्या सकाळचं पान, आणि त्या दिवशी दुपार आलीच नव्हती. मग ते स्वतःवरच हसले. असेल एखादा शिंतोडा, नाहीतर लिहितालिहिता घातला असेल. तरी त्यांनी मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला. पुरावा गोळा केल्याशिवाय त्यांचा गुप्तहेरही कधी बोलत नसे.

मंगळवारी फोटो आणि पान ताडून पाहिलं. तीन ओळी खाली आणखी एक आकडा आला होता. 'घार पडली,' असं त्यांनी सांगितलं होतं. खुनाच्या आधी देवळाच्या आवारात एक घार मरून पडते, वाचकाला जरा कापरं भरावं म्हणून. आता त्या अक्षरावर तीन होता. गार पडली.

कामाला येणाऱ्या मंगलाला त्यांनी बोलावलं. "या वहीला हात लावलास?"

"मज वाचायला कोठें येतं, सामी?" मंगला म्हणाली. तिच्या माहेरचीही बोली मराठीच होती. "ती वही मी पुसतही नाही. त्या दिवशीपासून नाही." मग केरसुणी भिंतीला टेकवून ती उगाच उभी राहिली. "त्या दिवशी मी दोनदा दार वाजवलं होतं. तुम्ही उघडलं नाही."

"मी लिहीत होतो."

"अम्मा लिहीत होती," मंगला म्हणाली आणि गेली.

वही त्यांनी लोखंडी कपाटात टाकली, किल्ली कमरेला लावली. बुधवारी दुपारी काढली तेव्हा वही थंड होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कपाटाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि वही माठाला लागून ठेवल्यासारखी थंड. त्याच पानावर, त्या दोन आकड्यांच्या मधल्या ओळीत, शिष्या तंबोरा खाली ठेवते आणि म्हणते, 'माझं बोट दुखतं.' बच्या डोक्यावर एक होता.

माझं पोट दुखतं.

राजगोपालराव वही घेऊन खिडकीशी गेले. आपण सगळ्यांत कमी संशय येईल त्याच्यावर संशय घ्यायचा, हा त्यांचा जुना शिरस्ता. तेव्हा त्यांनी आपल्याच उजव्या हाताची बोटं उजेडात धरून पाहिली. शिसं लागलं होतं का? लागलं नव्हतं. घरात पेन्सिल होती का? गंगाबाईची एक होती, टोक मोडलेली. त्यांनी रबर घेतलं आणि तो एकचा आकडा खोडला. कागद झिजेपर्यंत खोडला. मग शाईनं तिथं तीन लिहिला, ठळक, शाळेतल्या फळ्यावर काढतात तसा.

गुरुवारी तिथं शाईचा तीन नव्हता. कागद गुळगुळीत होता, झिजलेला नव्हता, आणि पेन्सिलीचा एक शांतपणे आपल्या जागी बसला होता.

आता पान सरळ वाचलं तर संगीतशिक्षक उरत नव्हता, शिष्याही नाही, विहीरही नाही. त्यानं कडी घातली. माझं पोट दुखतं, ती म्हणाली. गार पडली. एकही अक्षर बदललेलं नव्हतं. सगळी अक्षरं त्यांनीच सांगितलेली होती.

शुक्रवारी सकाळी हरिता आली. श्राद्ध दुसऱ्या दिवशी होतं. तिनं पिशवी ठेवली, पाय धुतले, कॉफी घेतली आणि विचारलं, "वही कोठें आहे, अप्पा?"

"राहू दे आज. काम अर्धं आहे."

"मी नेत नाही अत्ताच. नुसती बघतें."

कमरेची किल्ली सोडायला त्यांनी नको इतका वेळ लावला. वय झालं, असं हरिताला वाटलं असेल. ती पुढच्या खोलीत गेली आणि दुसरीकडे कुठं न बसता त्या चटईवर, त्या डेस्कपुढं बसली. डेस्कमधली मोडकी पेन्सिल तिनं तासून घेतली. "अडेल तिथं रेघ मारून ठेवतें. तुम्ही सांगा मग. मज नीट येत नाही, हसू नका."

राजगोपालराव दारापाशी खुर्चीत बसले. सात वाजले होते.

हरिता वाचू लागली. आधी अडखळत, लहान मुलासारखं, प्रत्येक शब्दाला थांबून. घ तिच्या तोंडी ग होत होता, ग क होत होता. राजगोपालरावांना बरं वाटलं. अशी वाचली तर तिला काहीच कळणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

मग वाचन सरळ झालं.

कधी झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. आवाज वाहू लागला. घ घसारखा पडत होता, भ भसारखा. त्यानं कडी घातली. माझं पोट दुखतं. ते वाक्य गेलं आणि आवाज थांबला नाही. त्यांनी वाट पाहिली, की आता ती मान वर करील, आता विचारील. आवाज पुढं गेला. पान उलटल्याचा आवाज आला.

त्या पानाच्या पुढं वही कोरी होती. त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आवाज वाचत होता. तीन पानं राहिलीत. मग जाऊन पड.

पान उलटलं.

तिनं पाणी मागितलं. तो म्हणाला, वाक्य पुरं कर. मंगलानं दार वाजवलं. तो म्हणाला, उघडायचं नाही. तिचं अक्षर उतरत चाललेलं त्यानं पाहिलं होतं. पाहिलं आणि जरा सावकाश सांगू लागला, ती मागं पडू नये म्हणून.

पान उलटलं.

मंगलानं पुन्हा दार वाजवलं. त्याला कळलं होतं. दुसऱ्यांदा दार वाजलं तेव्हाच कळलं होतं. पण खुनी विहिरीवर उभा होता, आणि असं रोज सुचत नाही.

मग शांत झालं. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

राजगोपालरावांनी डोळे उघडले. घसा कोरडा पडला होता, दुखत होता. हरिता डेस्कवर वाकली होती.

"कोरी पानं," ते म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "कोरी पानं कशी वाचलीस तू?"

"मी कोठें वाचलं?" हरिता म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "मी पहिल्याच पानावर अडले, अप्पा. तेव्हापासून तुम्हीच सांगत होता. मी उतरून घेतलं."

तिच्यापुढं वही उघडी होती. तीन पानं भरली होती, आणि शेवटाकडे ओळी खाली उतरत गेल्या होत्या. प्रत्येक अक्षरावर आकडा होता. एकही शंका ठेवलेली नव्हती.

हरितानं पेन्सिल उचलून कागदाला लावली. "एवढंच राहिलं," ती म्हणाली. "पोट दुखतं म्हणाली तेव्हा किती वाजले होते?"

प अगदी स्वच्छ पडला.

राजगोपालरावांनी तोंड उघडलं नाही. हरितानं स्वयंपाकघराच्या दिशेनं किंचित कान दिला, बरं म्हटल्यासारखी मान हलवली, आणि वेळ लिहून घेतली.