पन्नासाव्या अंकाची पानं

सकाळी प्रकाशकाने कपाट उघडलं आणि लगेच पोलिसांना फोन लावला. पन्नासाव्या अंकाची चोवीस पानं गायब होती. छापखाना पाचपर्यंतच थांबणार होता. अंक चुकला तर वितरक हात वर करणार आणि कंपनी बुडणार, हे ठरलेलं.

एका खोलीत सुरू झालेलं हे कॉमिक्सचं दुकान बारा वर्षं मोठ्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून चाललं. मग खप घसरला. घर फिरलं की वासेही फिरतात. माणसं उरली तीन. प्रकाशक, चित्रकार आणि चित्रांतल्या फुग्यांत संवाद लिहिणारा प्रकाशकाचा धाकटा भाऊ. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव ठळक, धाकट्याचं आत, मुंगीएवढं. चित्रकार आणि धाकटा, दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं.

इन्स्पेक्टर बाईंनी कुलूप पाहिलं. शाबूत होतं. किल्ली खिळ्यावर, तिघांच्याही हाताशी. पानं चित्रकाराकडून थेट कपाटात आली आणि आपण आणि चित्रकार अशा दोघांनीच पाहिली, असं प्रकाशकाने सांगितलं. शेजारी उभ्या चित्रकाराची अटच तशी होती. स्वतःच्या बायकोलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता.

मग बाई धाकट्याकडे वळल्या.

"तुम्ही पानं पाहिलीत?"

"नाही. माझ्याकडे आलीच नाहीत."

"पुन्हा काढता येतील?"

"कशी येतील? नायक मुखवटा काढतो, त्या एका पानालाच महिना लागतो."

बाईंनी वही मिटली.

"आज छपाई, आणि पानं संवाद लिहिणाऱ्याकडे गेलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे या अंकात संवादच नव्हते."

प्रकाशकाने मान खाली घातली. चित्रकाराला एकदा तरी बिनशब्दांचा अंक काढायचा होता. भावाला हे सांगायचा धीर प्रकाशकाला झाला नव्हता.

"पण मुखवट्याचं पान तुम्हाला माहीत आहे," बाई धाकट्याला म्हणाल्या. "तुम्ही कपाट उघडलंत. एकही फुगा दिसला नाही आणि तुमच्या पोटात दुखलं."

धाकट्याने आपला ड्रॉवर उघडला. चोवीसही पानं होती. प्रत्येकावर फुगे, पक्क्या काळ्या शाईत.

"याच्या चित्रांतल्या माणसांना बारा वर्षं मी बोलायला लावलं, दादा. पन्नासाव्या अंकाला तुला माझी गरज वाटली नाही."

प्रकाशकाने पानं वाचली. भावाने इतकं चांगलं याआधी कधीच लिहिलं नव्हतं.

"अशीच छापू," तो म्हणाला. "मुखपृष्ठावर दोघांची नावं, सारख्या आकारात."

चित्रकाराने मुखवट्याचं पान घेतलं, दोनदा वाचलं. ओळ त्याच्या चित्राला भारी पडली होती, आणि हे त्याला कळलं. त्याने चोवीसही पानं एकत्र केली आणि थोडी थोडी करून फाडून टाकली.

चित्रं त्याचीच होती. त्या फाडण्याला बाईंकडे कलम नव्हतं.