मखमलीतलं सैल पान

या, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा पुष्कळ आहे. आज एका चोरीची गोष्ट सांगतो. वस्तू अंगठ्याच्या पेराएवढी, पण तिच्यापायी एक म्हातारा माणूस उघड्यावर पडायची वेळ आली होती. डोळे मात्र उघडे ठेवा. फौजदारांना जे जे दिसलं, ते सगळं तुम्हालाही दाखवणार आहे.

फौजदार म्हणजे निवृत्त फौजदार. घरात एकटेच. त्यांचा फोन अकरा दिवसांत वाजला नव्हता, आणि त्याआधी वाजला तोही राँग नंबर. त्या परक्या माणसाशीसुद्धा ते पाच मिनिटं हवापाण्यावर बोलले होते. त्यामुळे त्या सकाळी फोन वाजला, तेव्हा पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्यांनी तो उचलला.

"पान चोरीला गेलं!" पलीकडून दागिन्यांचे घाऊक व्यापारी धापा टाकत होते. "ताबडतोब या."

दुकान दुमजली. खाली कपाटांत डझनाडझनांनी बांधलेल्या बांगड्या, साखळ्या, कानातली. लांब टेबलाशी पाच बाया माल पुड्यांत भरत होत्या. पाचहीजणींच्या कानांत एकच नक्षी होती: चांदीचं छोटं पान, मधोमध शीर.

"हेच ते पान," मालक म्हणाले. "माझ्या बायकोनं कानशीनं घासून घडवलं, चाळीस वर्षांपूर्वी. किती नक्ष्या आल्या नि गेल्या, पण पानाची मागणी काही हटत नाही. गावोगावचे दुकानदार आधी पान मागतात, मग बाकीचं बघतात. तिनं स्वतः घडवलेलं ते एकच. त्यावरून साचा निघतो, साच्यातून हजारो पानं. ती गेली, पान राहिलं."

"आणि आजच बोभाटा का?"

"आज चार वाजता दुकान विकतोय. करारात मूळ पान लिहिलंय. ते नसेल तर सौदा मोडला."

"तिजोरीची चावी?"

"माझ्या टेबलाच्या खणात. ठाऊक फक्त तिघांना. मी, माझी मुलगी आणि हा."

'हा' म्हणजे साचेकाका. चाळीस वर्षं साचे बनवणारा माणूस. बायको नाही, मूल नाही. कारखान्यामागच्या खोलीत एक खाट आणि एक रेडिओ, एवढाच संसार.

"चोरी उघडकीला कुणी आणली?"

"त्यानंच."

"म्हणजे चोरानंच चोरीची वर्दी दिली?"

"साळसूदपणाचा आव, दुसरं काय! मूळ पानाला हात लागतो तो फक्त याचा. चारपर्यंत पान आलं नाही, तर पोलिसांत देतो आणि खोलीला कुलूप घालतो."

साचेकाका उसळले. "मी चोर? वहिनींनी ते पान घडवलं तेव्हा दिवा धरून उभा होतो मी!"

फौजदारांनी तिजोरीतली डबी उघडली. आत मखमल, मखमलीत पान.

"काका, पान तर आहे की."

"आहे. पण ते हे नव्हे." त्यांनी बोटानं पान ढकललं. ते मखमलीच्या खळग्यात इकडून तिकडे सरकलं. "शेवटचा एक ताजा साचा काढायला सकाळी उघडलं, तर हे असं. साहेब, साच्यात ओतलेली वस्तू थंड होताना आक्रसते. मूळ नमुन्याला आम्ही आई म्हणतो. पोरं आईपेक्षा केसभर लहानच निघतात, आणि ती कधी वाढत नाहीत. या खळग्यात आई चाळीस वर्षं झोपलीय. हे तिचं पोर आहे."

"हे कुणाकुणाला माहीत असतं?"

"भट्टीपाशी बसलेल्या कुणालाही. मालकांनाही. तरुणपणी भाजून घेतलेत त्यांनी हात."

इतक्यात मालकांची लेक चहा घेऊन आली. वरच्या खोलीत बसून मागण्यांची पत्रं तीच पाही. तिच्याही कानांत पानं होतीच. कप ठेवायला ती वाकली तशी पानं डोलली. डावं जरा जास्त खाली येत होतं, की कानच तसा होता, देव जाणे.

साचेकाकांनी कप घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि कप बशीत कलंडला.

"काका, भाजलं का?" ती पुटपुटली.

"नाही बाळ." मग ते फौजदारांकडे वळले. आवाजातली सगळी आग विझली होती. "साहेब, पुरे झालं. माझ्या हातून हरवलं असं लिहा. मी सामान बांधतो."

"बघा!" मालक ओरडले. "कबूल झाला!"

फौजदारांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. दुसऱ्याच्या हातचा चहा बऱ्याच दिवसांनी मिळाला होता, तो टाकणं जिवावर आलं. मग म्हणाले, "बसा सगळे. पोरी, तूही बस.

"चोरानं डबीत विक्रीतलं पान ठेवलं. कुणाला फरक कळणार नाही, अशी त्याची खात्री होती. म्हणजे चोर भट्टीपाशी कधी बसलेला नाही. काका असं करणार नाहीत, आणि केलंच तर स्वतः बोंब मारणार नाहीत. मालक, तुम्हीही नाही. तुमचा तर सौदाच बुडतो.

"आता दुसरं. चहा येईपर्यंत काका भांडत होते. चहा आला आणि गप्प झाले. चहात काय होतं? काही नाही. चहा आणणारीच्या कानात होतं. जिथं बाईबाईच्या कानात तेच पान, तिथं लपवायला कानासारखी जागा नाही. पण ज्यानं आईला चाळीस वर्षं हाताळलं, त्याला ती पोरांत ओळखू येणार नाही?"

लेकीनं डाव्या कानातलं पान काढलं. तार सोडवून फौजदारांनी ते खळग्यात ठेवलं. हाताला जरा जोर लावावा लागला. पान घट्ट बसलं.

"मागितलं असतंस तर?" मालकांनी विचारलं.

"बाबा, आई गेल्यापासून तिच्याबद्दल तुम्ही पानाच्या भावाखेरीज काही बोललात का? माझ्याशी? वर मी, खाली तुम्ही. हजारो बायकांच्या कानांत माझी आई आहे आणि माझ्यापाशी काही नाही. वाटलं, कुणाला कळायचंच नाही. काकांवर आळ आला तेव्हा..." तिनं मान खाली घातली. "तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडच उघडेना."

टेबलाशी पुड्या भरणारे हात थांबले.

साचेकाकाच उठले. "चार वाजायला अवकाश आहे. साचा निघतो तासाभरात. घेणाऱ्याला ताजा साचा द्या. आईला लेकीपाशी राहू द्या."

मालकांनी करार उघडला, 'मूळ पान' हे शब्द खोडले आणि शेजारी 'साचा' लिहिलं. "त्याला हे पटलं नाही, तर सौदा गेला खड्ड्यात," ते म्हणाले. मग साचेकाकांकडे न बघता म्हणाले, "खोली तुझी आहे. दुकान कुणाचंही होवो, तेवढी मी विकणार नाही."

"आधी जीभ आवरायला शिका," काका म्हणाले, आणि भट्टी पेटवायला गेले.

निघताना फौजदारांना साचेकाकांनी दारात गाठलं. "साहेब, तुमचा नंबर देऊन ठेवा. फोन करायला काही चोरीलाच गेलं पाहिजे असं थोडंच आहे?"

त्या संध्याकाळी फोन वाजला. फौजदारांनी या खेपेला दोन घंट्या वाजू दिल्या, नुसत्या ऐकायला.

तर मंडळी, एवढंच मागणं. कुणाच्या कानात असं पान डोलताना दिसलं, तर त्या साचेकाकांची आठवण काढा. त्यांना स्वतःचं कुणी नव्हतं, तरी दुसऱ्याच्या लेकीसाठी ते चोर व्हायला निघाले होते.