उपाशी यीस्ट

हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात मला धडकला आणि माफी मागायची सोडून हसला. आदेमार. साखर कारखान्यातून रोज सकाळी आमच्याकडे यीस्टच्या बाटल्या आणणारा. केसांत उसाचं पाचट, आणि वर ते हसणं... असा राग आला मला. दुसऱ्या दिवशी मीच दाराकडे बघत बसले, त्याचा आणखी राग आला.

यीस्टच्या पेशी अडीअडचणीसाठी पोटात साखर साठवून ठेवतात. ती मोजायचं काम माझं. पण या गाळप हंगामात आकडा घसरतच चालला. आमच्या प्रमुख झुलेइकाबाईंनी सगळ्यांदेखत सुनावलं, जुसारा, तुझ्या हाताला शिस्त नाही, सोमवारपासून मोजणी निल्टन करेल. निल्टन, म्हणजे सकाळी बाटल्या उतरवून घेणारा आमचा मदतनीस. माझ्या हाताला! एकेक नमुना मी पुन्हा पुन्हा मोजला होता. रडू आलं, पण त्याहून जास्त चीड आली.

मग एका सकाळी बाटली हातात घेतली, तर ती कोमट. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, आदेमार येतो लवकरच, पण निल्टन कॉफीला जाईपर्यंत गाडीतच बसून राहतो.

मी तरातरा गाडीपाशी गेले.

"बसून काय राहतोस? आत पेशी उपाशी आहेत. उशीर झाला की साठवलेलं सगळं खाऊन टाकतात. माझं काम जातंय तुझ्यापायी."

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, बर्फ आहे तर टिकेल... लवकर आणलं की निल्टन घेतो. मग तुम्ही दिसतच नाही."

"म्हणून?"

"म्हणून — तुम्ही दिसल्याशिवाय जाववत नाही."

काय निर्लज्ज माणूस. आणि लाजले मात्र मी.

"हे बाईंना सांग," मी म्हणाले. "शब्दन् शब्द."

त्याने सांगितलं. टोपी हातात धरून, सगळ्यांसमोर. निल्टन फिदीफिदी हसला. बाईंनी कारखान्यातून ताजी, थंडगार बाटली मागवून मला मोजायला लावली आणि आकडा बरोब्बर जागेवर आला. मोजणी माझ्याकडेच राहिली. पण यापुढे बाटल्या आल्या आल्या निल्टनकडे द्यायच्या, असाही हुकूम झाला.

आदेमार टोपी घालून गाडीकडे निघाला. खरं बोलून त्याची रोजची भेट गेली होती. मी मागोमाग गेले.

"मी पाचला सुटते. मक्याच्या गोड पामोन्या खायला नेशील, की तेही मीच सुचवायचं?"

तो बघतच राहिला. "तुम्ही अजून रागावलेल्या दिसता..."

"आहेच रागावलेली," मी म्हणाले. "पण तू दिसला नाहीस, तर माझाही दिवस जात नाही."